कसेल त्याचे नाव तरी लिहा!

दिवाळीच्या दिवशी वाचकाला शेताच्या चिखलात नेऊ नये, असा आमच्या लेखकमंडळींचा एक अलिखित संकेत आहे. पुढ्यात फराळाचे ताट असावे, अंगाला उटण्याचा वास असावा आणि हातात एखादी गोड कथा असावी, हे मलाही समजते. परंतु वाचकहो, तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी या दिवसांत गावाकडून काहीतरी आलेले असते. कुणाकडे मुगाची पिशवी, कुणाकडे उडदाचा डबा, कुणाकडे सोयाबीनच्या वाट्याचे पैसे. "आमच्या शेतातले आहेत हो!" असे म्हणून ते मूग शेजारणीला दाखवलेही जातात. मी एवढेच विचारतो, ते मूग पेरले कोणी? खुरपले कोणी? तुम्हाला त्याचे नाव कदाचित ठाऊक असेल. पण सरकारच्या एखाद्या तरी कागदावर ते नाव आहे काय?

नाही. आणि ते नसावे, याची खबरदारी तुम्ही घेतलेली आहे. मीही घेतलेली आहे. म्हणून हा लेख लिहिताना मी न्यायाधीशाच्या खुर्चीत नाही, तुमच्याच शेजारी आरोपीच्या पिंजऱ्यात उभा आहे.

मांजरा नदीच्या काठच्या एका गावात माझी वडिलार्जित चार एकर कोरडवाहू जमीन आहे. मी राहतो तालुक्याच्या गावी आणि शिकवतो शाळेत. आषाढात एकदा आणि राशीच्या दिवशी एकदा, असे वर्षातून दोन वेळा मी त्या रानात पाय ठेवतो. बाकीचे दिवस ते रान दुसराच कोणी राबवतो. या व्यवहाराला कुठे बटई म्हणतात, कुठे अर्धेली, कुठे खंड, कुठे मक्ता, कुठे ठोका. नावे अनेक, रीत एकच: जमीन एकाची, घाम दुसऱ्याचा, आणि बोलणे सगळे तोंडी. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या 2018-19 च्या फेरीत देशातल्या दर शंभर कसणुकींपैकी सतराहून अधिक कसणुकींत दुसऱ्याची जमीन भाड्याने घेतलेली आढळली. हा तर कबूल केलेला आकडा झाला. तोंडी व्यवहार दारी आलेल्या सरकारी माणसापुढे कोण कबूल करतो?

आता हे असे का झाले, ते पाहू. ही गोष्ट दुष्टांची नाही. तशी ती असती तर सोपी होती.

कूळ हा शब्द आमच्या आजोबांच्या काळी गुलामाच्या जवळपासचा होता. कुलाबा जिल्ह्यात चरी आणि आसपासच्या गावांतल्या कुळांनी नारायण नागू पाटील यांच्या पुढारीपणाखाली 1933 पासून 1939 पर्यंत जमिनी कसायचे नाकारले. सहा वर्षे माणसे अर्धपोटी राहिली, पण खोतापुढे वाकली नाहीत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1937 साली मुंबईच्या कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, त्यामागे हीच वेदना होती. त्यातून पुढे 1948 चा मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन कायदा आला, आणि 1 एप्रिल 1957 हा कृषकदिन ठरला. त्या दिवशी कुळ जमिनीचे मालक मानले गेले. मराठवाड्यासाठी 1950 चा हैदराबादचा कायदा होता, विदर्भासाठी 1958 चा निराळा. तीन विभागांचे तीन कायदे, पण घोष एकच: कसेल त्याची जमीन.

या कायद्याने ज्यांना जमीन मिळाली त्यांची पोरे शिकली, माझ्यासारख्यांच्या वर्गात बसली, पुढे गेली. त्या कायद्याला मी नावे ठेवणार नाही. पण कायद्याच्या पोटात आणखी एक कथा वाढत होती. दांडेकर आणि खुदानपूर या पुण्याच्या गोखले संस्थेच्या अभ्यासकांनी कायद्याच्या अंमलबजावणीची पाहणी करून 1957 साली अहवाल प्रसिद्ध केला. कायदा आल्यावरही मालक जमिनी परत घेत होते, कुळे ‘स्वखुशीने’ जमिनी सोडत होती! स्वखुशी कसली? ज्याच्या हाती दुसऱ्या कशाचाच आधार नाही, त्याची खुशी मालकाच्या कपाळावरच्या आठीवर अवलंबून असते.

त्या दिवसापासून आमच्या घराघरांत एक धडा तोंडपाठ झाला: रान कुणाला द्यायचे ते द्या, पण लिहून देऊ नका. एकाच माणसाकडे फार वर्षे ठेवू नका. पावती करू नका. जुन्या सातबाऱ्यावर ‘जमीन करणाराचे नाव’ असा एक रकाना असे. तिथे आपल्याशिवाय दुसरे नाव लागू देऊ नका. माझ्या वडिलांनी मला शाळेच्या पाढ्यांबरोबर हा पाढाही शिकवला. आणि मी तो इमानाने पाळला. पंधरा वर्षांत मी सात बटईदार बदलले. त्यांतल्या एकाचेही काम वाईट नव्हते. वाईट होती ती माझी भीती.

जो कायदा कसणाऱ्याचे नाव लिहून घेण्यासाठी केला, त्याच्याच भीतीने कसणाऱ्याचे नाव पुसले गेले. औषध खरे होते. पण रोग्याला ते मिळूच नये, अशी तजवीज घरातल्यांनी केली.

नाव नसल्याने काय बिघडते, असे कोणी विचारील. त्याने एका एकराचा हिशेब माझ्याबरोबर मांडावा. बरे साल धरा. सोयाबीन एकरी सात क्विंटल झाले. 2025-26 चा हमीभाव क्विंटलला 5,328 रुपये. पण आडतीवर पदरात 4,200 पडले असे समजा. झाले 29,400 रुपये. निम्म्या वाट्याचे बटईदाराला 14,700. आता खर्च. नांगरट, पाळी, पेरणी मिळून 3,000, तो त्याचा. बियाणे, खत, फवारणी मिळून 6,700, त्यातला निम्मा म्हणजे 3,350 त्याचा. मळणीयंत्राचे 1,750, तेही त्याचेच. म्हणजे 8,100 रुपये रोख गेले आणि उरले 6,600. खुरपणी आणि काढणी नवराबायकोने स्वतः केली, त्यांची मजुरी याच 6,600 मध्ये. माझ्या चार एकरांवर दोन माणसांना जून ते ऑक्टोबर राबून 26,400 रुपये. आणि मला? एकरी 11,350, चार एकरांचे 45,400 रुपये. कष्ट म्हणाल तर राशीच्या दिवशी बाजेवर बसून चहा पिण्याचे.

ही झाली बटई. ठोक्याची गत याहून कठीण. तिथे पाडव्याला आधी पैसे मोजायचे, मग रानात पाय टाकायचा. एकरी 12,000 म्हटले तरी चार एकरांचे 48,000 झाले. ते आणायचे कुठून? किसान क्रेडिट कार्डाच्या योजनेत तोंडी कराराने कसणाराही पात्र आहे, असे कागदावर स्पष्ट लिहिलेले आहे. पण बँकेच्या खिडकीतून एकच शब्द बाहेर येतो, ‘सातबारा’. मग उरतो तो खाजगी सावकार, शेकडा तीन रुपये महिन्याने. पाडव्यापासून दिवाळीपर्यंतच्या सात महिन्यांचे व्याजच 10,080 रुपये. मालक जोखीम घेत नाही, सावकार घेत नाही, बँक घेत नाही. साऱ्यांची जोखीम एकट्या त्या माणसाच्या पाठीवर, आणि त्या माणसाचे सरकारदरबारी अस्तित्वच नाही.

2019 पासून केंद्र सरकार वर्षाला 6,000 रुपये शेतकऱ्याच्या खात्यात टाकते. 2023 पासून राज्य सरकारने आणखी तेवढेच दिले. दोन्ही मिळतात ज्याच्या नावावर जमीन त्याला. पीकविम्यात भाड्याने कसणाऱ्याला जागा आहे, पण त्यासाठी नोंदणी केलेला भाडेकरार आणा म्हणतात. जो मालक कोऱ्या कागदावर सही करीत नाही, तो नोंदणीच्या कचेरीत येईल होय? 2021 पासून ई-पीक पाहणी आली. शेतकऱ्याने स्वतः बांधावर उभे राहून मोबाइलवर पिकाचे छायाचित्र काढायचे. चांगली सोय! माझ्या रानात उभा राहतो बटईदार, छायाचित्र काढतो तो, आणि पीक नोंदले जाते माझ्या नावावर. "गुरुजी, तुमच्या मोबाइलात आकडा आलाय, तेवढा सांगा," असा त्याचा फोन येतो, आणि मी शिक्षकांच्या खोलीत खडू झटकत तो आकडा सांगतो. आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते म्हणतात. इथे दळणारा आंधळाही नाही. तो सारे पाहतो आहे.

जमिनीचेही पाहा. एका सालाच्या बोलीवर घेतलेल्या रानाला शेणखत कोण घालील? बांध कोण घालील? खताचा गुण तीन वर्षे दिसतो, आणि पुढल्या वर्षी रान हातात असेल याची शाश्वती नाही. पंधरा वर्षांत माझ्या चार एकरांत एक गाडी शेणखत पडले नाही. मी बटईदार बदलत राहिलो आणि माती निःसत्त्व होत गेली. दुसऱ्याचे नाव पुसता पुसता मी माझेच शेत पुसले.

आता ज्या प्रसंगाने मला हे लिहायला बसवले, तो सांगतो.

2025 च्या सप्टेंबरात मराठवाड्यात पाऊस असा कोसळला, की नद्यांनी काठ सोडले. मांजरेचे पाणी माझ्या रानात शिरले. त्या वर्षी रान नानांकडे होते. सारे गाव त्यांना नाना म्हणते, मीही म्हणतो. पाणी ओसरल्यावर मी गेलो. शेंगा भरलेले सोयाबीन चिखलात आडवे झाले होते आणि शेंगांतून कोंब फुटले होते. नाना बांधावर उभे होते. मला पाहून म्हणाले, "गुरुजी, तुमचं लई नुकसान झालं." माझे! पेरणी त्यांची, उधारी त्यांची, चार महिने त्यांचे, आणि नुकसान माझे. हे ते उपरोधाने बोलले नव्हते. त्यांना मनापासून तसेच वाटत होते. मालकाचेच नुकसान होते आणि आपला नुसता घाम जातो, असे जन्मभर शिकलेला तो माणूस.

पंचनामा झाला, तो सातबाऱ्यावरच्या नावाने झाला. कोरडवाहू पिकाला हेक्टरी 8,500 रुपयांच्या दराने माझ्या चार एकरांचे 13,600 रुपये माझ्या खात्यात जमा झाले. दिवाळी तोंडावर होती. खोटे कशाला बोलू, चार दिवस मी ते पैसे माझेच धरले. बियाण्यात, खतात माझेही 13,400 गेले होते. हिशेब जवळजवळ बरोबर जुळत होता! पाचव्या दिवशी बायको म्हणाली, "नानांना काही द्यायचं नाही का?" मग मी उदार झालो. निम्मे, म्हणजे 6,800 रुपये घेऊन गावी गेलो.

नानांनी ते पैसे कपाळाला लावले आणि वाकून माझ्या पायांना हात लावू लागले. वयाने माझ्याहून वडील माणूस! म्हणाले, "गुरुजी, तुमचे उपकार. दुसऱ्या कुण्या मालकानं रुपाया दिला न्हाई."

वाचकहो, त्या क्षणी मला स्वतःची जी लाज वाटली, ती शिव्या खाऊन वाटली नसती. जो पैसा त्या माणसाच्या बुडालेल्या कष्टापोटी आला होता, तो त्याला माझ्या हातून उपकार म्हणून घ्यावा लागला. हक्क एकदा दुसऱ्याच्या हातातून आला, की त्याची भीक होते. नाव नसणे म्हणजे काय, ते मला त्या दिवशी समजले.

दिवाळी झाली आणि ऊसतोडीची गाडी गावात आली. नानांनी मुकादमाकडून उचल घेतली होती. सावकार थांबायला तयार नव्हता. नवराबायको कोयता घेऊन गेली आणि त्यांची मुलगी त्यांच्याबरोबर गेली. ती माझ्याच वर्गात, आठवीत होती. गणितात हुशार. हजेरी घेताना रोज तिचे नाव उच्चारावे लागे आणि रोज मी पुढे ‘गैरहजर’ लिही. गंमत पाहा, माझ्या हजेरीपुस्तकात मुलीचे नाव आहे, म्हणून ती नाही हे तरी कळते. बापाचे नाव कुठल्याच पुस्तकात नाही. तो रानातून गेला तरी कुणाच्या वहीत एक रेघही कमी होत नाही.

आता प्रतिपक्षाकडे वळतो. तो माझ्या घरातच आहे, म्हणून मला चांगला परिचित आहे.

पहिला आक्षेप: "लिहून दिले की तो कूळ लागेल, जमीन लाटील." ही भीती पोकळ नाही. आपल्याकडे भाड्याने जमीन देण्यास सरसकट बंदी नाही, पण कूळ ठरलेल्याला ती विकत मागण्याचा हक्क मिळू शकतो. अहो, मग भांडायचे कुणाशी? नानांशी की कायद्याच्या त्या कलमाशी? जुन्या कुळांचे हक्क अबाधित ठेवून, यापुढील मुदतीच्या करारातून मालकी हक्क निर्माण होणार नाही, असे कायद्याने सांगता येते. 2016 साली नीती आयोगाच्या डॉ. हक समितीने नेमका असाच नमुना कायदा सुचवला. आंध्र प्रदेशाने 2011 साली आणि पुन्हा 2019 साली कायदे करून कसणाऱ्याला ओळखपत्र देण्याची वाट धरली. तिथेही मालक सहीला कचरतात, हे खरे. पण वाट तरी आहे. बंगालने 1978 पासून बर्गादारांची नावे गावोगाव जाऊन लिहिली. सुमारे 14 लाख नावे कागदावर आली. नाव लिहिल्याने तिथे आकाश कोसळले नाही.

दुसरा आक्षेप अधिक सभ्य आहे: "सरकारने यात पडूच नये. बाजार आपोआप ठरवील." बाजार! ज्या बाजारात एक जण भीतीने लिहीत नाही आणि दुसरा गरजेने मागत नाही, त्याला बाजार म्हणायचे? उद्या करार अगदी मोकळे केले आणि मर्यादा घातली नाही, तर मोठा बागायतदार नाहीतर कंपनी गावची रानेच्या राने उचलील आणि नाना आपल्याच गावात रोजंदारी मागत फिरतील. म्हणून एकाने किती जमीन भाड्याने घ्यावी, याला सीमा हवी. भूमिहीनाला आणि बायांच्या गटांना पहिला मान हवा. केरळात कुटुंबश्रीच्या बाया गट करून भाड्याच्या जमिनी कसतात. आमच्या बाया खुरपे चालवण्यात त्यांच्याहून कमी आहेत काय?

तिसरा आक्षेप असा, की सरकारला हे असले करार जमणार नाहीत. यावर तर मला हसू येते. 2023 च्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत वीज तयार करण्यासाठी खाजगी जमीन भाड्याने घेण्याचा दर ठरला हेक्टरी वर्षाला 1,25,000 रुपये, शिवाय दरसाल शेकडा तीनची वाढ. रीतसर करार, मालकी शाबूत, भाड्याची हमी. म्हणजे जमीन भाड्याने देण्याचा निर्धोक कागद कसा करावा, हे सरकारला उत्तम येते! फक्त तो कागद काचेच्या तावदानांसाठी आहे, माणसासाठी नाही. विजेचे वैर मला करायचे नाही. रात्रीच्या पाळीला पाणी धरणाऱ्याला दिवसा वीज मिळाली तर आनंदच आहे. पण त्या रानात काल बटईने राबणारा माणूस आज कुठे गेला, याची नोंद त्या करारात कोणत्या पानावर आहे?

तेव्हा मागणी काय? फार मोठी नाही. कसेल त्याची जमीन, हा घोष आज मी करीत नाही. 1970-71 साली महाराष्ट्रात सरासरी धारणा 4.28 हेक्टर होती, ती 2015-16 पर्यंत 1.34 हेक्टरवर आली. ज्याची जमीन जाईल तोही आज फार मोठा उरलेला नाही. कित्येकदा ती एखादी विधवा असते, एखादा म्हातारा असतो, शहरात हमाली करणारा असतो. त्याची जमीन त्यालाच राहू द्या. पण कसेल त्याचे नाव तरी लिहा! एक पानाचा करार, तलाठ्याकडे विनाशुल्क नोंद, तीन ते पाच वर्षांची मुदत. मालकी मालकाची हे पहिल्या ओळीत, आणि पीक, पीककर्ज, विमा, नुकसानभरपाई कसणाऱ्याची हे दुसऱ्या ओळीत. एवढ्या दोन ओळी लिहायला आपल्याला इतकी वर्षे पुरू नयेत?

कोणी म्हणेल, गुरुजी, दुसऱ्याला सांगता, स्वतः काय केलेत? पाडव्याच्या आधी नाना कारखान्याहून परतले आणि चाचरत विचारू लागले, "रान औंदाबी मलाच ऱ्हाईल का?" मी साध्या कागदावर तीन वर्षांचा करार लिहिला आणि सही केली. वकील मित्राने कपाळाला हात लावला. नानाच म्हणाले, "कागुद कशाला गुरुजी? तुमचा शबुद हाय की." मी म्हणालो, "नाना, शब्द बँकेत चालत नाही." तो कागद घेऊन आम्ही दोघे एका बँकेत गेलो. साहेबांनी तो अदबीने वाचला, घडी घालून परत दिला आणि म्हणाले, "सातबारा आणा."

त्या कागदाने कर्ज मिळाले नाही. पण नानांनी उन्हाळ्यात माझ्या रानात चार गाड्या शेणखत टाकले. मी सांगितले नव्हते.

वाचकहो, लक्ष्मीपूजनाला आपण वह्या पुजतो, आणि पाडव्याला बळीचे राज्य येवो म्हणून ओवाळतो. वामनाने बळीची जमीन घेतली ती तीन पावलांत मोजून, सर्वांसमक्ष. बळीचे नाव मात्र त्याने पुसले नाही, म्हणून आजही आपण ते घेतो. यंदा वहीला हळदकुंकू वाहिल्यावर ती एकदा उघडून पाहा. ज्याच्या घामाचे मूग तुमच्या डब्यात आहेत, त्याचे नाव तीत आहे का? नसेल तर लिहा. आणि मग ते सरकारने लिहावे म्हणून आवाज उठवा. मालकांनीच हा आवाज उठवला, तर तो ऐकू येईल. नानांचा आवाज ऐकू यायला आधी त्यांचे नाव कुठेतरी असावे लागेल.